दुसऱ्या नोंदीकडे : महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाची वाटचाल

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाच्या स्थापनेची तारीख अधिसूचनेत २ जानेवारी २०१२ अशी आहे. इतिहास मात्र त्या तारखेपासून सुरू करता येत नाही. ज्या कामासाठी मंडळ उभे राहिले त्याची गरज वीस वर्षे आधी जगाच्या लक्षात आली होती, आणि ते काम गावात बसून कसे करायचे याचे पहिले प्रयोग पश्चिम घाटातच झाले होते.

१९९२ साली रिओ दि जानेरो येथे जैवविविधता करार झाला. भारताने १९९४ मध्ये त्याला मान्यता दिली. कराराची उद्दिष्टे तीन: संवर्धन, शाश्वत वापर आणि वापरातून होणाऱ्या लाभाचे न्याय्य वाटप. तिसऱ्या उद्दिष्टाचे महत्त्व आपल्याकडच्या सामान्य माणसाला पटले ते हळदीमुळे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. या लढाईतला एक तपशील मंडळाच्या पुढच्या सगळ्या कामाला लागू पडतो. घरोघरी आजीने लावलेली हळद पुरावा म्हणून चालली नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख काढून पुढे ठेवावे लागले. तोंडी ज्ञान कितीही खरे असले तरी नोंद नसेल तर कायद्यापुढे ते उभे राहत नाही.

नोंद कोणी करायची, हा प्रश्न त्यातून निघतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणारे प्रा. माधव गाडगीळ यांचे उत्तर स्पष्ट होते: ज्यांचा त्या जंगलाशी, तळ्याशी, शेताशी रोजचा संबंध आहे त्यांनी. १९९० च्या दशकात त्यांनी पश्चिम घाटातील महाविद्यालयांचे शिक्षक, विद्यार्थी आणि गावकरी यांना एकत्र आणून गावाच्या जीवसृष्टीची व त्याविषयीच्या ज्ञानाची वही लिहिण्याची पद्धत बसवली. लोक जैवविविधता नोंदवही म्हणतात ती हीच. पुढे जैविक विविधता कायद्याचा मसुदा तयार होताना गाडगीळ त्या प्रक्रियेत होते, आणि नोंदवहीची कल्पना कायद्याच्या चौकटीत आली.

हा कायदा २००२ मध्ये संसदेत संमत झाला. त्याने तीन पायऱ्या ठरवून दिल्या. वर चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, मध्ये राज्य मंडळे, आणि तळाशी प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती. समितीत अध्यक्षाशिवाय सहापर्यंत सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावेत, असे २००४ च्या नियमांनी सांगितले. समितीचे मुख्य काम नोंदवही करणे. शिवाय कलम ४१ ने तिला एक मोठा अधिकार दिला: आपल्या हद्दीतून व्यापारी कामासाठी जैविक संसाधने नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा. ग्रामपंचायतीच्या दप्तरात इतका नेमका अधिकार क्वचितच एखाद्या कायद्याने ठेवला असेल, आणि इतका कमी वापरलाही गेला असेल.

महाराष्ट्राने आपले नियम २००८ मध्ये केले आणि मंडळ २०१२ मध्ये. कायदा आल्यानंतर जवळजवळ एक दशक गेले. या दिरंगाईची किंमत होती. त्या वर्षांत कोकणात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, विदर्भाच्या खाणपट्ट्यात जे बदल झाले, त्यांच्या आधीची स्थिती दाखवणारी गावनिहाय नोंद आज आपल्याकडे नाही. आधीची नोंद नसली की काय गेले हे सांगता येत नाही, फक्त काहीतरी गेले एवढेच म्हणता येते.

मुख्यालय नागपूरला झाले. वनखात्याचे मुख्यालयही तिथेच असल्यामुळे ते सोयीचे होते आणि राज्याची बरीचशी वनसंपदा विदर्भात असल्यामुळे उचितही. सुरुवातीच्या काळात मंडळाचे अध्यक्षपद डॉ. इराच भरुचा यांनी सांभाळले. पेशाने शल्यविशारद असलेल्या या पुणेकर निसर्ग-अभ्यासकाने भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या होत्या. पुढे विलास बर्डेकर यांनी ही धुरा घेतली. सदस्य सचिव भारतीय वनसेवेतले असत.

मंडळाच्या हातात काय होते, हे इथे नीट समजून घेतले पाहिजे. मंडळ झाले त्याच वर्षी, २०१२ मध्ये, राज्याच्या वनविभागात कांदळवन कक्ष सुरू झाला. त्या कक्षाकडे जमीन होती, वनरक्षक होते, कांदळवने तोडण्यास मनाई करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाचे बळ होते आणि दर दोन वर्षांनी येणाऱ्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात आपले काम दाखवणारा आकडा होता. जैवविविधता मंडळाकडे यांपैकी काहीच नव्हते. एक एकर जंगलही त्याच्या ताब्यात नाही. सल्ला देणे, समित्यांना मार्गदर्शन करणे, वारसा स्थळांची शिफारस करणे आणि राज्यातली संसाधने वापरणाऱ्या उद्योगांकडे लाभाचा वाटा मागणे ही त्याची कामे. त्याचा अधिकार विचारण्याचा, राखण्याचा नव्हे. अशा संस्थेचे यश मोजायचे कसे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून तिच्या मागे आहे, आणि माझ्या मते तिचा सगळा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

पहिले ठळक पाऊल गडचिरोलीत पडले. आलापल्लीजवळचा सुमारे सहा हेक्टरांचा जुना, न तोडलेला वनखंड ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखला जातो. इंग्रजांच्या काळापासून राखलेल्या या तुकड्यात सागाचे उंचच उंच वृक्ष आहेत. २०१४ मध्ये तो राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. गावागावांतल्या समित्यांचे काम मात्र त्या काळात फार हळू चालले होते. ग्रामसेवकाच्या टेबलावर आधीच डझनभर समित्या होत्या. ही नवी समिती कशासाठी, तिला पैसे कोण देणार, नोंदवही कोण लिहिणार, यांची उत्तरे तालुक्याला कोणाकडेच नसत.

हे चित्र देशभर सारखेच होते. २०१६ मध्ये कायद्याच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय हरित लवादापुढे याचिका दाखल झाली, तेव्हा देशात जेमतेम ९,७०० समित्या आणि १,३८८ नोंदवह्या होत्या. लवादाने ऑगस्ट २०१९ मध्ये मुदत ठरवून दिली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि नोंदवही पूर्ण झाली पाहिजे, नाहीतर १ फेब्रुवारीपासून राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच सुमारे २८ हजार. त्यावर पंचायत समित्या, जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका. नागपूरच्या छोट्या कार्यालयाला या सगळ्यांना हलवायचे होते.

मंडळाच्या आयुष्यातली ही सर्वांत धावपळीची वर्षे. ग्रामविकास विभाग, वनविभाग, जिल्हा परिषदा, महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था यांना कामाला लावून समित्यांचे ठराव झाले, प्रशिक्षणे झाली, नोंदवह्या भरल्या जाऊ लागल्या. देशाचा आकडा जानेवारी २०२० पर्यंत २,४३,४९९ समित्या आणि ९५,५२५ नोंदवह्यांवर गेला. चार वर्षांतली ही झेप लवादाच्या धाकाशिवाय झाली नसती, हे मान्य केले पाहिजे. ज्या गावाने ‘जैवविविधता’ हा शब्द ठरावात कधी लिहिला नव्हता त्याने तो लिहिला. पुढे २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानाने भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या निकषांवर स्थानिक संस्थांना गुण द्यायला सुरुवात केली, तेव्हा गावांत ही ओळख आधीच झालेली होती.

पण घाईत भरलेली वही आणि गावाने लिहिलेली वही यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो किती, हे समजायला चांगली नोंदवही कशी होते ते पाहावे लागते.

आधी ग्रामसभेत विषय मांडायचा, कारण माहिती गावाची आहे आणि ती द्यायची की नाही हे गावाने ठरवायचे. मग शिवारफेरी. फेरीत फक्त पदवीधर असून चालत नाही. गुराखी पाहिजे, कारण कोणते गवत कोणत्या उतारावर येते आणि गुरे कशाला तोंड लावत नाहीत हे त्याला ठाऊक असते. वैदू पाहिजे. मासे धरणारे ढीवर, भोई, कातकरी पाहिजेत. बियाणे मडक्यात राखेत घालून ठेवणाऱ्या बायका पाहिजेत. त्यांना बोलावले नाही तर पिकांच्या वाणांचा रकानाच कोरा राहतो. आणि एकच फेरी पुरत नाही. ठाणे-रायगडच्या जंगलात शेवळा येतो तो पावसाच्या तोंडावर, थोडेच दिवस. टाकळा, कुर्डू, कवला, भारंगी आणि करटोली पाऊस स्थिरावल्यावर. सड्यांवरची फुले श्रावण-भाद्रपदात. थंडीतले पाहुणे पक्षी पाणथळ जागी मार्गशीर्षाच्या आसपास. म्हणजे प्रामाणिक वहीला वर्षाचे सगळे ऋतू लागतात. त्यात तीसेक विहित नमुने: पिके, फळझाडे, तण, कीड, पाळीव जनावरे, जंगली वनस्पती, मासे, औषधी वनस्पती, जाणकार माणसे, जमिनीचा वापर. नावे स्थानिक बोलीतली, आणि शेजारी शास्त्रीय नाव घालायला महाविद्यालयातला एखादा वनस्पतिशास्त्राचा शिक्षक.

मुदतीच्या आत हजारो वह्या करायच्या तर एवढे होणे शक्यच नव्हते. बऱ्याच ठिकाणी काम बाहेरच्या संस्थांकडे गेले आणि तालुक्यातल्या वनस्पतींची एकच यादी गावागावांत फिरली, ही टीका देशभर झाली आणि ती रास्त होती. तरीही त्या वह्या टाकाऊ मानणे मला पटत नाही. कच्ची का होईना, पहिली नोंद हाताशी आहे. तिच्यात गावाचे जाणकार कोण, हे एक पान जरी खरे असले तरी दुसऱ्या फेरीसाठी तेवढे भांडवल पुरेसे आहे. नोंदवही एकदा करून कपाटात ठेवायची नाही, वेळोवेळी अद्ययावत करायची, असे प्राधिकरणाचे मार्गदर्शनही सांगते. अडचण अशी झाली की लवादाने विचारलेला प्रश्न ‘वह्या किती’ एवढाच होता, आणि आपणही उत्तर तेवढेच देत राहिलो.

याच काळात मंडळाच्या दुसऱ्या कामाला, वारसा स्थळांना, बहर आला. कलम ३७ प्रमाणे राज्य शासन स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून अशी स्थळे घोषित करते. पुण्याचे गणेशखिंड उद्यान (३३ हेक्टर) आणि जळगावच्या सीमेवरचे लांडोरखोरी (४८ हेक्टर) ही दोन शहराच्या कुशीतली स्थळे. सिंधुदुर्गातली दोन तर आकाराने अगदी लहान आणि मोलाने फार मोठी. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे येथे देवराईच्या आश्रयाने रानजायफळाची दलदल टिकली. मायरिस्टिका वंशाच्या या झाडांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येऊन श्वास घेतात. अशी दलदल केरळ-कर्नाटकाची मानली जाई. महाराष्ट्रातली ही अडीच हेक्टरांची जागा २०२१ च्या सुरुवातीला वारसा स्थळ झाली. त्याच वर्षी आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडाचा परिसर, २.११ हेक्टर, घोषित झाला. तिथल्या एका छोट्या माशाचे वर्णन संशोधकांनी २०२० मध्येच प्रथम केले होते आणि त्याला नदीचेच नाव दिले होते, शिस्टुरा हिरण्यकेशी. शोध लागल्यापासून संरक्षणापर्यंत एवढा कमी वेळ आपल्याकडे फार थोड्या जिवांना लाभला आहे.

या स्थळांकडे पाहताना एक गोष्ट मनात येते. देवराई आणि देवाचे कुंड गावाने राखले होते म्हणून मंडळाला तिथे घोषित करण्यासारखे काही सापडले. घोषणेने त्या राखणीला कायद्याचे नाव मिळाले. आता प्रगती मोजायची ती घोषणांच्या संख्येने नव्हे. दलदलीत रानजायफळाची किती नवी रोपे उभी राहिली आणि कुंडात मासा त्याच संख्येने आहे का, या दोन मोजण्या करायला फार खर्च येत नाही. स्थानिक समिती, एखादे महाविद्यालय आणि वर्षातले ठरलेले दिवस पुरतात.

ज्याची मोजणी नियमित होते त्याचे काय होते, याचे उदाहरण राज्यातच आहे. वाघाची गणना दर चार वर्षांनी एकाच पद्धतीने होते. महाराष्ट्रातले वाघ २००६ मध्ये १०३ होते, २०१० मध्ये १६९, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. आकडा वाढला म्हणून अभिमान आणि आकडा वाढल्याने चंद्रपूरच्या गावांत वाढलेला संघर्ष, या दोन्हींवर आपण बोलू शकतो, धोरण बदलू शकतो, कारण मालिका अखंड आहे. कांदळवनांचेही तसेच. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत २०१३ मध्ये राज्यात १८६ चौरस किलोमीटर कांदळवन होते, २०१९ मध्ये ३२०. सरकारी जमिनीवरची कांदळवने राखीव वन झाली, लागवड झाली, आणि त्याचा परिणाम झाला की नाही हे दोन वर्षांनी तपासता आले.

याच्या उलट माळरान. सोलापूर-नगर भागातल्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ मध्ये झाली तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. शेते, गावे, खाजगी जमिनी सगळे त्यात आले. निर्बंधांमुळे लोक दुरावले, आणि अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. तोवर याच अभयारण्यातल्या नान्नजचा माळढोक पक्षी जवळजवळ नाहीसा झाला होता. कागदावर राज्याचे हे सर्वांत मोठे अभयारण्य होते. पण माळावर कोणती गवते उरली, मेंढपाळांची वाट कुठून जाते, किती माळ नांगराखाली गेला, याची गावनिहाय नोंद कोणी ठेवत नव्हते. धनगराला विचारले असते तर त्याने सांगितले असते. विचारण्याची व्यवस्थाच नव्हती. हा अनुभव मी इथे मुद्दाम सविस्तर देतो, कारण हे नुकसान मंडळाच्या स्थापनेआधी बहुतांशी होऊन गेले असले तरी त्यातली पोकळी नेमकी मंडळाने भरायची आहे.

ती भरण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे महाराष्ट्र जनुक कोश. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने हा प्रकल्प आधी प्रायोगिक स्वरूपात चालला, ‘आयसर’ पुणे आणि बाएफसारख्या संस्था त्यात होत्या. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुढच्या पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर करून हे काम मंडळाच्या हाती दिले. विषय सात: सागरी जैवविविधता, पिकांचे स्थानिक वाण, देशी पशुवंश, गोड्या पाण्यातील जैवविविधता, गवताळ व झुडपी माळराने, वनहक्काखालील क्षेत्रांचे व्यवस्थापन आणि वनांचे पुनरुज्जीवन.

या यादीत मला विशेष वाटते ते असे, की सातांपैकी बहुतेक विषय लोकांच्या हातातल्या गोष्टींचे आहेत. भाताचे काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी हे अकोले तालुक्यातले वाण शीतपेटीतल्या बाटलीत जेवढे सुरक्षित तेवढेच, किंबहुना अधिक, ते दरवर्षी पेरणाऱ्या शेतात सुरक्षित असतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात सांभाळलेल्या बियाण्यांसाठी त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याला हे नव्याने कळले. जव्हार, अकोले, धडगाव-अक्कलकुव्यात बाएफने उभ्या केलेल्या गावबियाणे कोशांतून वाण शेतकऱ्यांकडे जातात आणि हंगामानंतर बी परत येते. इथे प्रगतीचे माप आपोआप मिळते: किती वाण गोळा झाले यापेक्षा यंदा किती वाण किती घरांनी पेरले.

जनावरांचेही तसेच. डांगी, देवणी, खिल्लार, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला आणि अलीकडे नोंदणी झालेली पूर्व विदर्भाची कठाणी हे राज्याचे गोवंश. डांगी टिकते ती इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसात भाताच्या चिखलात चालणारे दुसरे जनावर नाही म्हणून. भातशेतीत पॉवर टिलर आला की डांगीचा आकडा हलतो. म्हणून नोंदवहीत जनावरांच्या संख्येशेजारी ते कोणत्या कामाला वापरतात हेही लिहिले पाहिजे. धोक्याची सूचना आधी त्या रकान्यात येते.

गोड्या पाण्याचे उत्तम काम भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत झाले आहे. तलावांत बेशरम ही तणवनस्पती माजली, बाहेरचे मासे सोडले गेले, देशी मासे घटले. ढीवर समाजातल्या महिलांनी बेशरम उपटली आणि कोणती देशी पाणवनस्पती कोणत्या माशाला लागते हे आपल्या जाणत्यांकडून समजून घेऊन ती लावली. मासे परतले की नाही हे त्यांना जाळ्यातच दिसते. अशा मोजणीसाठी वेगळा सल्लागार नेमावा लागत नाही.

वनहक्काच्या विषयात मात्र एक गाठ अजून सुटायची आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अभ्यासगटात बसून, सर्वांच्या संमतीने निर्णय घेणाऱ्या त्या गावाने जंगल राखण्याचा वस्तुपाठ दिला. तिथे आणि नंतर हक्क मिळालेल्या इतर गावांत जंगलाची धनी ग्रामसभा आहे. जैवविविधता समिती मात्र पंचायतीची. एकाच जंगलाला दोन समित्या, दोन वह्या. माझे मत असे की जिथे ग्रामसभा वनव्यवस्थापनाचा आराखडा करते तिथे नोंदवही त्या आराखड्याचेच पहिले प्रकरण असावे आणि लिहिण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचा असावा. मंडळाने हे सुचवायला हरकत नाही.

लाभाच्या वाटपाबद्दल थोडक्यात. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकाच्या वार्षिक विक्रीवर ०.१ ते ०.५ टक्के वाटा ठरवला. त्यातले ९५ टक्के समित्या किंवा लाभधारकांकडे जावेत अशी योजना होती. भारतीय कंपन्यांना हे लागू आहे का, हा वाद २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसी प्रकरणात ‘लागू आहे’ असे सांगून मिटवला. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, आयुष चिकित्सकांना आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला सूट दिली, तुरुंगवास काढून दंड ठेवला आणि समित्यांची सदस्यसंख्या ७ ते ११ केली. उद्योगाला सोय झाली हे खरे. पण आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात बाळहिरडा वेचणाऱ्या महादेव कोळी कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर सुटीची प्रत्येक ओळ त्यांच्या वाट्यातून वजा होते. किती रक्कम कोणत्या गावाच्या समितीला पोचली, हा तक्ता दर वर्षी ठळकपणे छापला गेला पाहिजे. या उद्दिष्टाची प्रगती त्या तक्त्याशिवाय दुसऱ्या कशाने कळणार?

आता सगळ्या जगापुढे नवी मुदत आहे. २०१० मध्ये आयची येथे जैवविविधता कराराची २० लक्ष्ये ठरली. २०२० मध्ये जागतिक आढावा आला तेव्हा त्यांपैकी एकही पूर्ण झाले नव्हते, सहा अंशतः गाठली होती. भारताने आपली १२ राष्ट्रीय लक्ष्ये केली होती आणि २०१८ च्या सहाव्या राष्ट्रीय अहवालात दोन ओलांडली, आठ मार्गावर, उरलेल्या दोहोंसाठी प्रयत्न चालू, असे कळवले. जग चुकते आणि आपण मार्गावर असतो, हा फरक पडतो तो मोजायला काय निवडले त्यावर. क्षेत्र, समित्या, योजना हे आकडे वर जातात. जिवांचे आकडे हट्टी असतात. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रिअल येथे २०३० साठी २३ लक्ष्ये ठरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने त्यांना जुळणारा सुधारित राष्ट्रीय आराखडा मांडला. जमीन-पाण्याच्या ३० टक्के क्षेत्राचे संवर्धन हे त्यातले सर्वांत गाजलेले लक्ष्य. पण महाराष्ट्रासारख्या शेतीच्या, दाट वस्तीच्या राज्यात ते देवरायांशिवाय, सामूहिक वनांशिवाय, माळांशिवाय, तलावांशिवाय गाठता येणार नाही. आणि या जागांची माहिती ज्या एका दप्तरात आहे ते दप्तर म्हणजे गावाची नोंदवही.

मंडळाच्या पहिल्या पर्वात समित्या झाल्या, वह्या झाल्या. दुसऱ्या पर्वात त्या वह्या पुन्हा उघडायच्या आहेत. सगळ्या २८ हजार एकदम नव्हे. वारसा स्थळांची गावे, जनुक कोशाची गावे, सामूहिक वनहक्काची गावे आणि प्रत्येक जिल्ह्यातली काही साधी, कोणत्याही योजनेत नसलेली गावे, एवढ्यांपासून सुरुवात व्हावी. साधी गावे हवीतच, नाहीतर आपण आपल्याच चांगल्या कामाची सरासरी राज्याची म्हणून सांगू. पहिल्या वहीतले जाणकार हयात असतील त्यांना घेऊन त्याच वाटेने, त्याच महिन्यात दुसरी फेरी करायची. त्यांच्याबरोबर शाळेतली मुले द्यायची. काय दिसले नाही, काय नवे आले, कोणते वाण पेरायचे थांबले आणि का, एवढे चार रकाने भरायचे. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत कुठवर सरकले याचा पाचवा. गावाची परवानगी घेऊन त्याचा गोषवारा तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा नागपूरला.

मॉन्ट्रिअलच्या ठरावाप्रमाणे देशांनी सातवा राष्ट्रीय अहवाल फेब्रुवारी २०२६ पर्यंत आणि आठवा ३० जून २०२९ पर्यंत द्यायचा आहे. सातव्यात महाराष्ट्राच्या नावापुढे समित्यांची आणि वह्यांची संख्याच प्रामुख्याने लिहिता येईल. आठव्यात आंबोलीच्या कुंडातले मासे, अकोले तालुक्यात पेरलेले वाण आणि नान्नजच्या माळावरची गवते लिहायची असतील, तर त्यासाठी २०२६, २०२७ आणि २०२८ हे तीन पावसाळे मंडळाच्या हाताशी आहेत.